लघुग्रहांवरील धूमकेतूसदृश सक्रियता

एरवी खडकासारख्या निपचित वाटणाऱ्या काही लघुग्रहांना अधूनमधून धुळीचे पुच्छ फुटते. त्यांना सक्रिय लघुग्रह म्हणतात. १९७९ मध्ये सापडलेल्या एल्स्ट-पिझारो या लघुग्रहाला १९९६ मध्ये पुच्छ दिसले, तेव्हा दुसऱ्या पिंडाशी टकरीचा संशय होता. सूर्याजवळून गेल्यावर २००२ मध्ये ते पुन्हा फुटलेले दिसले. टक्कर काही वेळापत्रकाने होत नाही. त्यामुळे आत बर्फ असावे आणि सूर्याच्या उष्णतेने त्याचा वायू होऊन धूळ उडत असावी, हे अनुमान बळावले.

अशी सक्रियता ओळखणे हे मुख्यतः फसगत टाळण्याचे काम आहे. हवेमुळे ताराही छायाचित्रात किंचित पसरतो, म्हणून लघुग्रहाचा ठिपका शेजारच्या ताऱ्यांशी ताडतात. त्यांच्यापेक्षा तो पसरट निघाला तर संशयाला जागा. मग लघुग्रह एकाच जागी राहील अशी अनेक चित्रे एकावर एक रचतात. त्यात तारे रेघांसारखे ओढले जातात आणि अंधूक पुच्छ उठून दिसते. मागच्या एखाद्या दीर्घिकेचा डागही पुच्छ भासतो. पण तो लघुग्रहासोबत सरकत नाही. दुसरी खूण तेजाची. सूर्यापासूनच्या व पृथ्वीपासूनच्या अंतरावरून तेजाचे गणित मांडता येते. डिसेंबर २०१० मध्ये शायला हा लघुग्रह या गणितापेक्षा अचानक उजळला. त्याला दुसरा पिंड धडकला होता. गॉल्ट या लघुग्रहाची २०१९ मधील पुच्छे मात्र त्याच्या स्वतःभोवतीच्या वेगवान गिरकीमुळे निघाली असे मानतात. वायू थेट सापडणे दुर्मीळच. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला मंगळ व गुरू यांच्यामधल्या लघुग्रह पट्ट्यातील रीड या धूमकेतूभोवती पाण्याची वाफ आढळली.

मराठवाड्यातल्या हौशी निरीक्षकाने आठ इंची दुर्बिणीतून असे पुच्छ दिसेल, अशी आशा धरू नये. एका सक्रिय लघुग्रहाची धूळ मात्र इथे नुसत्या डोळ्यांनी दिसते. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावाचा जनक फेथॉन हा लघुग्रह आहे. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्याने मध्यरात्रीनंतर मान वर केली, तर पुनर्वसूच्या बाजूने तुटणारे तारे दिसतात. कोडे असे की, सूर्याजवळ फेथॉनला दिसणारे पुच्छ धुळीचे नसून सोडियमचे आहे, असे २०२३ च्या अभ्यासात आढळले. मग एवढी धूळ आली कुठून, हे अजून उलगडलेले नाही.

शोधात भाग घ्यायला दुर्बीणच हवी असे नाही. चिलीतील एका दुर्बिणीवरच्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याची चित्रे २०२१ पासून झूनिव्हर्स या संकेतस्थळावर लोकांपुढे ठेवली आहेत. सेलू-उदगीरच्या विद्यार्थ्यालाही ती पाहून पुच्छ आहे की नाही एवढेच सांगायचे असते. एका चित्रावर अनेकांचा कौल घेतात आणि संशयास्पद लघुग्रहाची जुनी चित्रे मग तज्ज्ञ धुंडाळतात.