घाम नाही गाळला तर व्यायाम वायाच? मेनोपॉजमधला एक गैरसमज

पाळी जायच्या काळात चिडचिड, धडधड, उगाच भीती वाटत असेल तर दणकून व्यायाम करा, हळूहळू हातपाय हलवून काय होतंय, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. पण ते खरं नाहीये.

साधारण 45 ते 55 या वयात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन सरळ रेषेत उतरत नाही, वरखाली हेलकावे खातं, आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या मूड सांभाळणाऱ्या रसायनाशी त्याचा संबंध असल्यामुळे मूडही तसाच हलतो, त्यात रात्री घाम येऊन झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कशावरही भडका उडतो (घरच्यांना वाटतं स्वभावच बदलला!). अशा वेळी योगासनं, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) किंवा नुसतं लक्ष देऊन चालणं, म्हणजे पाऊल कुठे टेकतंय, खांदे आवळलेत का, श्वास कसा चाललाय हे बघत केलेली हालचाल कामाला येते, कारण श्वास सावकाश आणि लांब सोडला की व्हेगस नर्व्ह या मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या नसेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला कळतं की धोका टळलाय. दहा मिनिटंसुद्धा चालतात, फोन मात्र लांब ठेवा.

आता उलटं टोकही नको. यामुळे हॉट फ्लॅशेस (अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफा) बंद होतीलच असं नाही, तिथे पुरावे कच्चे आहेत. हाडांसाठी वजन उचलायचे व्यायाम वेगळे करावेच लागतात. आणि घबराट रोजचीच झाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, सगळं मेनोपॉजच्या माथी मारू नका.