न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलची जागा मधेच रिकामी झाली तर?

आमदार गेला की पोटनिवडणूक, हे आपल्या अंगवळणी पडलंय. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलबाबत, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याबाबत, मात्र तसं होत नाही. आपल्याकडे महाधिवक्ता राज्यपाल नेमतात. तिथे हे पद लोक मत देऊन भरतात, पण दर ४ वर्षांनी, गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबरच. मधे स्वतंत्र निवडणूक घ्यायला राज्यघटनेचीच मनाई आहे.

मग राजीनामा आला तर? विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र मतदान करून उरलेल्या मुदतीसाठी माणूस निवडतात. असेंब्लीत १५० सदस्य, सिनेटमध्ये ६३. म्हणजे असेंब्लीच्या मनात असेल तोच येणार! मे २०१८ मध्ये एरिक श्नाइडरमन यांनी पद सोडलं, तेव्हा अर्ज मागवून इच्छुकांच्या खुल्या मुलाखती झाल्या. २२ मे रोजी निवड झाली ती बार्बरा अंडरवूड यांची. त्या आधीपासून हंगामी काम बघतच होत्या. लेटिशिया जेम्स यांनी या नेमणुकीच्या शर्यतीतून माघार घेतली, नोव्हेंबरमध्ये थेट लोकांकडून निवडून आल्या.

पात्रता गव्हर्नरचीच: अमेरिकेचं नागरिकत्व, किमान ३० वर्षं वय, राज्यात सलग ५ वर्षं वास्तव्य. वकिलीची अट घटनेत लिहिलेली नाही, हे वाचून मीही चमकलो. जन्माने अमेरिकन असण्याची अटही नाही. त्यामुळे सांगलीत जन्मून पुढे तिथलं नागरिकत्व घेतलेली व्यक्तीही उभी राहू शकते. ग्रीन कार्डवर मात्र उभं राहता येत नाही, मतदानही करता येत नाही.

खरी कागदपत्रांची धावपळ असते ती नियमित निवडणुकीत. पक्षाच्या राज्य समितीत २५ टक्के मतं मिळाली, तर प्राथमिक फेरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या) मतपत्रिकेवर नाव आपोआप येतं. नाहीतर त्याच पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या १५,००० सह्या गोळा करायच्या. अपक्षाला ४५,००० लागतात, त्याही ४२ दिवसांत. सगळ्या एकट्या न्यूयॉर्क शहरातल्या चालत नाहीत, राज्यभर फिरावं लागतं. प्रत्येक सहीपुढे तारीख आणि पत्ता हवा, प्रत्येक पानावर साक्षीदाराचं निवेदन हवं. विरोधक एकेक सही तपासून हरकती घेतात, म्हणून जाणकार उमेदवार गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या जमवतात.

मतदाराचं काम त्या मानाने सोपं. नोंदणीच्या अर्जात ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे भरायचे. प्राथमिक फेरीत मत द्यायचं असेल तर त्याच अर्जात पक्षही निवडून ठेवा. ऐनवेळी बदललेला पक्ष त्या फेरीला धरत नाहीत.