0.65 गोवा

मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत एक तक्रार ऐकू येते: दिल्लीत आमचे खासदार तीनच, लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक. त्यावर कोणीतरी म्हणतं, "लोकसंख्येप्रमाणे जागा, साधं त्रैराशिक आहे." या वाक्याशी मला भांडायचं आहे. त्रैराशिकाचं उत्तर अपूर्णांकात येतं, आणि अर्धा खासदार निवडून देता येत नाही.

गोवा घटक राज्य झालं मे 1987 मध्ये. बरोबर दोनशे वर्षं आधी, मे 1787 मध्ये, फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहायला माणसं जमली. संघराज्यात माणूसही मोजायचा आणि राज्यही, हा पेच तिथे आधी सोडवावा लागला. तोडगा असा निघाला: सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, खालच्या सभागृहात लोकसंख्येनुसार. (गुलाम माणूस तीन-पंचमांश धरला, हा त्या घटनेवरचा डाग.) पण अपूर्णांकांचं काय करायचं, ते घटनेत कुठेच नव्हतं.

तेव्हाचे अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाले, आधी पूर्णांक वाटा, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांना द्या. परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाले, एक भाजक ठरवा आणि अपूर्णांक सोडून द्या. वाटणीसाठी धरलेली डेलावेअर राज्याची लोकसंख्या 55,540 होती. हॅमिल्टनच्या रीतीने डेलावेअरला 2 जागा मिळत होत्या. जेफरसनच्या रीतीने, 33,000 हा भाजक धरून 1.68, म्हणजे 1. हॅमिल्टनच्या रीतीचं विधेयक वॉशिंग्टन यांनी 1792 मध्ये परत पाठवलं. अमेरिकी अध्यक्षांनी वापरलेला तो पहिला नकाराधिकार.

हॅमिल्टनच्या रीतीत एक विलक्षण खोट आहे. समजा, गावच्या जत्रेची समिती निवडायची आहे. तीन वाडे: 525, 330 आणि 145 माणसं. जागा 10. वाटे येतात 5.25, 3.30, 1.45. पूर्णांक मिळून 9, उरलेली जागा .45 वाल्या धाकट्या वाड्याला. वाटणी 5, 3, 2. आता समिती 11 जणांची करा. वाटे 5.775, 3.63, 1.595. या वेळी दोन जागा उरतात आणि त्या जातात थोरल्या दोघांकडे: 6, 4, 1. जागा वाढल्या, आणि धाकट्याची एक गेली! अमेरिकेत 1880 च्या जनगणनेनंतर हेच दिसलं: सभागृह 299 चं केलं तर अलाबामाला 8 जागा, 300 चं केलं तर 7.

पुढे बालिन्स्की आणि यंग या गणितज्ञांनी सिद्ध केलं की वाट्याच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या पूर्णांकाबाहेर कधीच न जाणारी आणि वेगाने वाढणाऱ्या राज्याची जागा हळू वाढणाऱ्याला कधीच न देणारी अशी एकही रीत नाही. म्हणून "हे काम एआयला द्या, पक्षपात संपेल" हा उत्साह मला पटत नाही. यंत्र हिशोब करेल, पण कुठला अन्याय पत्करायचा ते माणसांनाच ठरवावं लागतं.

आता गोवा. 2011 च्या जनगणनेत आपण 14.58 लाख. देशाची लोकसंख्या 543 ने भागली तर एका खासदारामागे सुमारे 22.3 लाख लोक. आपला वाटा 0.65. हॅमिल्टनच्या रीतीने कदाचित एक जागा, जेफरसनच्या रीतीने शून्य. अमेरिकेच्या घटनेने म्हणूनच प्रत्येक राज्याला किमान एक जागा राखून ठेवली. आपल्या राज्यघटनेचं कलम 81 सांगतं, 60 लाखांपर्यंतच्या राज्याला समान प्रमाणाचा नियम लागू नाही. ही सवलत 1973 च्या एकतिसाव्या घटनादुरुस्तीने आली. राज्यसभेत सिनेटसारख्या समान जागा नाहीत: उत्तर प्रदेशचे 31 आणि आपला एक. लोकसभेत मात्र गोव्यात साधारण 7.3 लाखांमागे एक खासदार आहे, देशाच्या सरासरीच्या तिप्पट वजनाचा.