480 परत

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात चौथीतली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी आजीच्या शेजारी बसते. मांदेलीचा वाटा 60 रुपये. मी तीन वाटे घेतले आणि 500 ची नोट पुढे केली. आजी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, म्हणून सुट्टे पोरीनेच दिले. आधी 20 हातावर ठेवले, "हे दोनशे झाले", आणि वर शंभराच्या तीन नोटा. वजाबाकी तिने केलीच नाही. 180 पासून 500 पर्यंत ती पायरी पायरीने चढत गेली.

तिच्या शाळेत मी अधूनमधून गणित शिकवायला जातो. पुढच्या खेपेला मुद्दामच (खवचटपणा म्हणा हवं तर) फळ्यावर 500 − 180 लिहिलं. तिच्या वहीत उत्तर आलं 480.

ही चूक धांदरटपणाची नाही. शून्यातून शून्य गेलं शून्य. शून्यातून आठ जात नाहीत, मग आठातून शून्य काढून आठ. पाचातून एक गेला चार. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा तिचा पक्का नियम आहे. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी 1978 साली मुलांच्या अशा चुकांचा माग काढला, तेव्हा दिसलं की बऱ्याच चुकांना ठरलेली रीत असते. मूल नियम काटेकोर पाळतं, फक्त नियमच चुकीचा असतो. लाल फुली मारून शून्य गुण दिले की ही सगळी माहिती वाया जाते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला अभ्यास तर कोकणातलाच वाटावा, कारण त्यात नारळ आहेत. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. 98 टक्के उत्तरं बरोबर. मग तशीच गणितं शाळेच्या पद्धतीने दिली. शाब्दिक उदाहरणांत बरोबर उत्तरं 74 टक्क्यांवर आली, नुसत्या आकडेमोडीत 37 वर. बारा वर्षांच्या एका मुलाने 35 चा एक असे चार नारळ तोंडी 140 ला बरोबर विकले. त्याच्याच कागदावर 35 × 4 चं उत्तर होतं 200: पाच चोक वीस, हातचे दोन, दोन नि तीन पाच, पाच चोक वीस.

पण म्हणून बाजारच खरी शाळा, असं म्हणायची घाई नको. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांचा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. तिथेही हेच दिसलं. मात्र आसपासच्या शाळांतल्या, कधी काही न विकलेल्या मुलांचं नेमकं उलट होतं. कागदावर ती सरस, बाजाराच्या हिशेबात अडखळणारी. म्हणजे एकाच साच्याची परीक्षा कुणाचं तरी अर्धंच गणित मोजते.

भाषेचा गुंता वेगळाच. त्या मासळीवाल्या मुलीच्याच वर्गात रस्त्याच्या कामावर आलेल्या कानडी कुटुंबातला एक मुलगा आहे. मराठीत 'पस्तीस' म्हणताना पाच आधी येतात, तीस नंतर. कानडीत 'मूवत्तैदु', म्हणजे तीस आधी, लिहितो त्याच क्रमाने. मी 'पस्तीस' सांगितल्यावर त्याने 53 लिहिलं, तर त्यावरून त्याचं गणित कळलं की मराठी?

पहिली ते आठवीसाठी महाराष्ट्रात 2010 पासून आकारिक मूल्यमापन आहे, म्हणजे शिकता शिकताच वर्षभर मुलाची पारख. तोंडी काम, प्रात्यक्षिक, निरीक्षण असं सगळं त्यात बसतं. कल्पना उत्तम. पण दोन शिक्षक आणि चार इयत्ता असल्या की निरीक्षणापेक्षा नोंदीच जास्त होतात. मला विचाराल तर रोज दोनच मुलांना "कसं केलंस?" एवढं विचारावं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसावं. हे दुसरं मला अजून नीट जमत नाही.

त्या मुलीच्या शेजारी बसून मी म्हटलं, "गिऱ्हाइकाने 500 दिले, 180 ची मासळी नेली, आणि तू त्याला 480 परत दिलेस?"

ती खुदकन हसली. "आजी माका मारतली!" 480 खोडून तिने 320 लिहिलं.

मग मी खाली 400 − 170 मांडलं. तिने मान खाली घातली, पेन्सिल सरसावली आणि ठामपणे लिहिलं, 370.