किराईत

किराईत (काडेकिराईत, काडेचिराईत) : अतिशय कडू औषधी वनस्पती. शास्त्रीय नाव स्वर्शिया चिरायिता, कुल जेन्शिएनेसी. ती हिमालयाच्या थंड उतारांवर, काश्मीरपासून भूतानपर्यंत उगवते. सोलापूरच्या उन्हात ती तग धरणार नाही. इथल्या काष्ठौषधींच्या दुकानांत तिच्या वाळलेल्या काड्यांच्या जुड्या बाहेरूनच येतात.

मूळ संस्कृत नाव ‘किराततिक्त’, म्हणजे किरातांच्या मुलखातले कडू औषध. किरात ही हिमालयातल्या वनवासी लोकांची जुनी संज्ञा. चरकसंहितेत तहान शमवणाऱ्या आणि मातेचे दूध शुद्ध करणाऱ्या औषधांत किराततिक्त आहे. प्राकृतात ‘किरात’मधल्या पहिल्या ‘क’चा ‘च’ होतो. बाराव्या शतकातल्या व्याकरणकार हेमचंद्राने या एका शब्दासाठी वेगळे सूत्र दिले आहे. हिंदी ‘चिरायता’ त्याच वाटेने आला. मराठीने किराईत आणि चिराईत ही दोन्ही रूपे सांभाळली, हे विशेष.

दुसरे संस्कृत नाव ‘भूनिंब’, जमिनीलगतचा कडुनिंब. सोलापुरात याच अर्थाची नावे आणखी दोन भाषांत कानी पडतात : पूर्व भागातले तेलुगू भाषक ‘नेलवेमु’ म्हणतात, कन्नड भाषक ‘नेलबेवु’. खरा घोळ इथेच आहे. ही नावे बहुधा कालमेघाला (अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा) लावतात. मराठीत त्यालाही हिरवे किंवा ओले किराईत म्हणतात, पण त्याचे कुल वेगळे, कडू द्रव्यही वेगळे. नुसते ‘किराईत द्या’ म्हटले तर दोन्हींपैकी काहीही पुडीत पडू शकते. म्हणून काडी हातात घेऊन पाहावी. कालमेघाची काडी चौकोनी व हिरवट. काडेकिराइताची गोलसर, तपकिरी-जांभळट, मोडली की आत पिवळसर भेंड दिसतो.

काड्या रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून पिण्याची घरगुती पद्धत जुनी आहे. ताप, जंत आणि मंदावलेली भूक यांसाठी ते देतात. कडूपणा मुख्यतः अमॅरोजेंटिन या द्रव्याचा. ज्ञात नैसर्गिक पदार्थांत ते सर्वांत कडूंपैकी एक मानले जाते. तापावरच्या महासुदर्शन चूर्णात इतर सर्व औषधांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे किराईत घालतात. गरोदर स्त्रियांनी किराईत घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असतील तर वैद्यांना विचारूनच घ्यावे, कारण रक्तातली साखर आणखी उतरू शकते.