एका सेन्सरचे अनेक धनी: सेन्सर-क्लाउडची पार्श्वभूमी

नवी मुंबईचा बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने इथे धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला त्या उघडतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर त्या तलावाची पातळी पंप चालवणाऱ्याला हवी असते, वाहतूक पोलिसांना हवी असते, तळमजल्यावर राहणाऱ्यांनाही. खारफुटीच्या अभ्यासकाला तीच नोंद वर्षभराची लागते. मग चौघांनी चार सेन्सर लावायचे?

हा प्रश्न पुढे यायला वेळ लागला, कारण सेन्सरचे जाळे पहिल्यापासून एकाच मालकाचे. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुड्यांची चाहूल घ्यायला समुद्रतळावर ध्वनिग्राहक पसरले. त्यातली माहिती सोडाच, असे जाळे आहे हेसुद्धा गुपित होते. १९९०च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांच्या ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पाने चिमुकल्या बिनतारी सेन्सरची कल्पना रुजवली. २००२ साली अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक बेटावर, पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांत असे बॅटरीवरचे नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या डब्या, ठेवले गेले. पक्ष्यांना न हुसकता बिळातले तापमान कळू लागले, ही केवढी मोठी गोष्ट! पण नोड, प्रोग्राम आणि नोंदी त्या एकाच अभ्यासाला बांधलेल्या.

२००६पासून अ‍ॅमेझॉन आपले सर्व्हर इंटरनेटवरून तासाच्या हिशेबाने भाड्याने देऊ लागली; यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. तोच विचार २०१० साली आयबीएमच्या टोकियोतील मादोका युरियामा आणि ताकायुकी कुशिदा यांनी सेन्सरला लावला. त्यांच्या ‘सेन्सर-क्लाउड’मध्ये वापरणाऱ्याला मिळतो आभासी सेन्सर, खरा कुठे आहे, कोणत्या कंपनीचा आहे, याची त्याला फिकीर नाही. पुढच्याच वर्षी फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानमधल्या लोकांनी किरणोत्सर्गाची मोजमापे ‘पाचुबे’ या इंटरनेटवरच्या सेवेवर सर्वांसाठी खुली केली. वाटून घेतलेल्या नोंदीची किंमत तेव्हा कळली.

माझ्या मते खरी मेख बॅटरीत आहे. नोडची वीज मुख्यतः रेडिओ, म्हणजे आकडे बिनतारी पाठवणारा भाग, खातो. पंपवाल्याला दर मिनिटाला आकडा हवा आणि अभ्यासकाला तासाला एक, तर नोडने मिनिटाला पाठवायचे आणि क्लाउडने त्यातूनच तासाचे वेगळे काढून द्यायचे. दुसऱ्या माणसासाठी बॅटरीवर वेगळा भार नाही. पण कुणी दर दहा सेकंदांची मागणी केली, तर झीज सगळ्यांच्या सेन्सरची. तिचे पैसे कुणी, किती द्यायचे? खरगपूरच्या आयआयटीत सुदीप मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेन्सर-क्लाउडच्या दरआकारणीचा हा हिशेब गणिताने मांडला आहे.

क्लाउडची यंत्रे आमच्याजवळच, ऐरोली, रबाळे, महापेच्या डेटा सेंटरांत अहोरात्र चालू असतात. तिथे एक सर्व्हर बंद पडला तर काम दुसऱ्यावर सरकवता येते. धारण तलावाच्या झडपेवरचा सेन्सर असा सरकत नाही. त्याची बॅटरी संपली की कुणीतरी ओहोटी बघून चिखलात उतरावे लागते.