रोमन नाण्याला चिंच-मीठ लावू नका

हल्ली रील्समध्ये एक प्रकार फार दिसतो. शेतात सापडलेलं जुनं नाणं, हिरवं-काळं पडलेलं, ते लिंबाच्या रसात नाहीतर कोल्ड्रिंकमध्ये बुडवतात, टूथब्रशने खसाखसा घासतात आणि लखलखीत तांबडं झालेलं नाणं कॅमेऱ्यासमोर फिरवतात. खाली कमेंटमध्ये आपलीच मंडळी सांगतात, चिंच-मीठ लावा, अजून चकाचक होईल. बघून जीव खाली-वर होतो. देवाची भांडी आणि घंगाळं घासायला चिंच-मीठ एकदम बरोबर, पण सतराशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्यावरचा तो थर म्हणजे नुसता मळ नसतो. पुष्कळदा नाण्यावरचं नाव त्या थरातच उरलेलं असतं, खालच्या धातूत ते शिल्लकच नसतं!

एक खरी गोष्ट सांगतो. २००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्ह गावाजवळ मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं मिळालं. आत ४,९५७ नाणी, पण सुटी नाहीत, गंजून एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेली. ते ब्रिटिश म्युझियमकडे गेलं, तिथे नाणी सोडवून साफ करताना एका नाण्यावर नाव निघालं, दोमितियानुस. इ.स. ८१ ते ९६ मध्ये राज्य करणारा प्रसिद्ध सम्राट डोमिशियन तो वेगळा, हा त्याच्यानंतर पावणेदोनशे-एक वर्षांनी आलेला.

तेव्हा रोमन साम्राज्याचे तुकडे पडले होते. २६० मध्ये पोस्टुमस नावाच्या सेनापतीने गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटन फोडून वेगळं राज्य केलं, तिथे विक्टोरिनस आला, २७१ च्या सुमारास त्याचा खून झाला, मग टेट्रिकस आला, आणि २७४ मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियनने सगळं परत रोमला जोडलं. या विक्टोरिनस आणि टेट्रिकसच्या मधल्या फटीत हा दोमितियानुस अगदी थोडे दिवस सम्राट होऊन गेला असावा. नाण्याच्या मागच्या बाजूला 'कोंकोर्दिया मिलितुम', म्हणजे सैन्याची एकजूट. ज्याचं सिंहासन सैन्याच्या मर्जीवर टिकून आहे तो हेच छापणार. चेहरा, दाढी, सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट, सगळं आजूबाजूच्या हजारो नाण्यांसारखंच. म्हणजे नाण्याची सगळी किंमत त्या कडेच्या बारक्या अक्षरांत, आणि ती अक्षरं ॲसिडमध्ये गेली असती तर ते टेट्रिकसचं आणखी एक झिजलेलं नाणं म्हणून डब्यात पडलं असतं.

आता अक्षरं थरात कशी राहतात ते बघू, मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. त्या काळच्या या नाण्यांत चांदी नावापुरतीच, बाकी मुख्यतः तांबं. ओल्या मातीत तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात. काही आयन बाहेरच्या मातीकडे जातात आणि कार्बोनेट होऊन हिरवा मॅलाकाइट बनतो, पण काही जागच्या जागी ऑक्सिजनशी जोडले जाऊन लालसर क्युप्रस ऑक्साइड बनवतात, त्याला क्युप्राइट म्हणतात. हे इतक्या सावकाश आणि जागच्या जागी होतं की अक्षराचा उंचवटा धातूचा होता तो क्युप्राइटचा होतो, आकार तसाच. धातूचा पृष्ठभाग मात्र आत सरकलेला असतो, खडबडीत, बिनअक्षरी. म्हणून तज्ज्ञ माणूस मायक्रोस्कोपखाली बारीक स्काल्पेलने वरची माती आणि मॅलाकाइट काढत जातो आणि त्या गुळगुळीत थरापाशी हात थांबवतो. लिंबाचं ॲसिड थांबत नाही, ते मॅलाकाइट खातं, क्युप्राइट खातं आणि उरलेला खडबडीत गाभा तुम्हाला चकाचक करून देतं.

आणि मीठ? ते तर त्याहून वाईट. मिठात क्लोराइड असतं, मातीतही असतं. नाणं गंजत असताना आत धन आयन तयार होतात, त्यांचा भार सांभाळायला ऋण भाराचे क्लोराइड आयन बाहेरून आत ओढले जातात आणि अगदी धातूला लागून क्युप्रस क्लोराइडचा मेणचट राखाडी थर बसतो. जमिनीत ऑक्सिजन कमी, म्हणून हा थर शांत पडून राहतो. नाणं वर काढलं, दमट हवा लागली की सुरू. क्युप्रस क्लोराइडचे चार रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे चार, यातून फिकट हिरव्या ट्रायहायड्रॉक्सिक्लोराइडचे दोन रेणू होतात आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन सुटतात. ते ॲसिड चांगल्या तांब्यावर जातं, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवतं, आणि ते परत पहिल्या पायरीवर. म्हणजे चक्र. हिरवी पूड मूळ पदार्थापेक्षा जास्त जागा घेते त्यामुळे वरचा थर आतून उचलला जातो, फुटतो, आणि नाव असलेला क्युप्राइट टवका होऊन गळून पडतो. याला ब्राँझ डिसीज म्हणतात, पण हा जंतूंचा रोग नाही, शुद्ध रसायनशास्त्र आहे.

ओळखायची खूण सोपी. चांगला पॅटिना, म्हणजे नाण्यावरचा तो जुना थर, गडद आणि घट्ट असतो, नखाने निघत नाही. रोग लागलेल्या जागी फिकट, पोपटी-पांढुरकी पूड येते, काडीने सहज सुटते, आणि पुसली तरी काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येते.

उपाय हळू आहेत. क्लोराइड बाहेर काढायला सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सौम्य अल्कलीच्या द्रावणात नाणं आठवडे-महिने ठेवतात आणि द्रावण बदलत राहतात. त्यात किती क्लोराइड उतरलं ते बघायला बारावीच्या प्रॅक्टिकलमधली सिल्व्हर नायट्रेटची टेस्ट आठवा, थोडा नमुना घेऊन आधी नायट्रिक ॲसिड घालायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेट, पांढरा गढूळपणा आला की क्लोराइड आहे. मग बेंझोट्रायाझोल, जे तांब्याशी जोडलं जाऊन वर पातळ आवरण करतं, पण ते घरी हाताळायचं रसायन नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरडी हवा. सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर चक्र जवळजवळ थांबतं. आपल्या कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर असते, म्हणजे बघा.

परत दोमितियानुसकडे. त्याचं एक नाणं आधी, १९०० च्या सुमारास, फ्रान्समध्ये नाँतजवळ मिळालं होतं, पण असा सम्राट कुणी मानायलाच तयार नव्हतं म्हणून अनेकांनी ते बनावट ठरवून बाजूला टाकलं. चालग्रोव्हचं नाणं निघाल्यावर दोन्ही शेजारी ठेवली तर दोन्ही एकाच साच्यांच्या जोडीतून पाडलेली. रोमन टाकसाळीत साचे हाताने कोरायचे, त्यामुळे दोन वेगळे साचे तंतोतंत जुळत नाहीत, अक्षरांमधलं अंतर, मुकुटाच्या टोकाखाली कुठलं अक्षर येतं, काहीतरी बदलतंच. शंभर वर्षांनी दुसऱ्या देशात, गंजलेल्या ढेकळाच्या आतून त्याच साच्याचं नाणं निघालं म्हटल्यावर बनावटीचा मुद्दाच संपला. चालग्रोव्हचं नाणं आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे.

जाता जाता, तांदूळ ओढणारं 'राईस पुलर' नाणं कोट्यवधींना विकतो म्हणून आपल्याकडे लोकांना लुटतात. तांबं तांदूळ ओढत नाही, कुठल्याच काळातलं नाही, आणि गुप्तधनाच्या नावाने चाललेले अघोरी प्रकार तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहेत. त्या लोकांच्या नादाला लागू नका. सातवाहनांची तांब्याची नाणी महाराष्ट्रात ठिकठिकाणी मिळतात, त्यांचं रसायन अगदी हेच. असा साठा मिळाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि तोपर्यंत नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, ढेकूळ असेल तर सुटंही करायचं नाही. जसं निघालं तसं ठेवायचं आणि कुठून, किती खोलीवरून निघालं तेवढं कागदावर लिहायचं.